लिंबूटिंबूला मिळालेली जागा : 'रेमन लेजंड्स' आणि एका पडद्यावरच्या सहखेळाचा इतिहास

१/२४
गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला सामावून घेण्यासाठी मराठीत एक खास पद आहे : लिंबूटिंबू. तो पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याने मिळवलेला गुणही कोणी धरत नाही. खेळात असूनही हिशेबात नसलेला असा हा भिडू. व्हिडिओ गेमच्या इतिहासात या लिंबूटिंबूचे काय झाले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/२४
त्यासाठी एकच खेळ मध्यभागी ठेवू : 'रेमन लेजंड्स'. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या मॉन्पेलिए येथील स्टुडिओने तो घडवला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. (याच कंपनीचा एक स्टुडिओ २००८ पासून आपल्या पुण्यातही आहे.) २०११ च्या 'रेमन ओरिजिन्स'चा हा उत्तरभाग. रंगांची उधळण, हाताने रेखाटल्यासारखी दृश्ये आणि एका पडद्यावर चौघा-पाचजणांनी मिळून खेळण्याची सोय, ही त्याची ओळख.

३/२४
या खेळाच्या आकर्षणाचे श्रेय बहुधा त्याच्या रंगांना दिले जाते. रंग सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु सुंदर खेळ पुष्कळ झाले. 'लेजंड्स'चे खरे वैशिष्ट्य असे की, असमान कौशल्याच्या माणसांनी एकत्र कसे खेळावे, या तीस वर्षे अर्धवट सुटलेल्या प्रश्नाला त्याने एक उदार उत्तर दिले. हे उत्तर किती मोलाचे आहे हे कळण्यासाठी आधी प्रश्नाचा इतिहास पाहावा लागेल.

४/२४
प्लॅटफॉर्म गेम म्हणजे फळ्या, कडे आणि खड्डे यांवरून उड्या मारत पुढे जाण्याचा खेळ. त्यात दोघे आले की तीन पेच उभे राहतात. पहिला : पडदा एकच, मग तो कोणाच्या मागे सरकणार? दुसरा : जो मागे पडला त्याचे काय? तिसरा : जो मेला त्याने उरलेला वेळ काय करायचे? पुढे येणारा प्रत्येक खेळ या तीन प्रश्नांची आपापली उत्तरे देतो. ती उत्तरे नियमांच्या रूपात लिहिलेली असतात.

५/२४
१९८३ मध्ये निन्टेन्डोचा 'मारिओ ब्रदर्स' आर्केडमध्ये आला. मारिओ आणि लुईजी एकाच वेळी, एकाच पडद्यावर. पडदा स्थिर होता, त्यामुळे पहिले दोन पेच उद्भवलेच नाहीत. दोघांनी एकमेकांना मदत करावी किंवा खोडी काढावी, दोन्हींना मुभा होती. पुढे १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. पडदा धावू लागला आणि सहखेळ गेला. आता दोघांनी आळीपाळीने खेळायचे. एक मरेपर्यंत दुसरा प्रेक्षक.

६/२४
नव्वदच्या दशकात भारतात मिळणाऱ्या नकली आठ-बिट यंत्रांवर हीच आळीपाळी आपल्याकडील अनेक घरांत पोहोचली. कॅसेट घालायची, दोन रिमोट जोडायचे आणि वाट पाहायची. ज्याचा हात बसलेला, तो अर्धा तास खेळणार. ज्याचा नाही, तो अर्ध्या मिनिटात रिमोट परत देणार. नियम दोघांना सारखाच होता. पण सारख्या नियमातून मिळणारा वेळ सारखा नव्हता.

७/२४
याच काळात एक वेगळी वाट दिसते. १९८६ मध्ये जपानच्या तायतो कंपनीचा 'बबल बॉबल' आला. फुकिओ मित्सुजी यांची ही निर्मिती. दोन इटुकले डायनोसॉर तोंडातून बुडबुडे सोडून शत्रूंना कोंडतात. स्थिर पडद्याचे शंभर टप्पे. एकट्याने शंभरावा टप्पा जिंकला तरी कथेचा खरा शेवट दिसत नाही. त्यासाठी दोघेही तेथवर पोहोचावे लागतात. सोबत ही येथे सवलत नसून अट आहे.

८/२४
मग आला 'कॉन्ट्रा'. आर्केडमध्ये १९८७, घरगुती यंत्रावर १९८८. ज्यांच्या घरी ती कॅसेट होती, त्यांना तिसरा टप्पा आठवत असेल : धबधबा. येथे वर चढायचे असते. चपळ खेळाडू भराभर वर गेला की पडदाही त्याच्यासोबत वर सरकतो आणि खाली राहिलेला भिडू पडद्याच्या कडेखाली जाऊन मरतो. शत्रूची एकही गोळी न लागता. मारणारा असतो आपलाच मित्र, तोही बहुधा नकळत.

९/२४
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. 'कॉन्ट्रा'च्या वेष्टनावर दोन वीर खांद्याला खांदा लावून लढताना दिसतात. पण खेळाचा नियम सांगतो की गती बलवानाने ठरवायची आणि किंमत दुबळ्याने मोजायची. एखाद्या राजवटीची प्रशस्ती एक सांगते आणि तिच्या महसुलाची कागदपत्रे दुसरेच काही सांगतात, तसेच हे. खेळ म्हणजे साधन मानले, तर वेष्टन ही प्रशस्ती आणि नियम हे दप्तर.

१०/२४
१९९२ मध्ये सेगाचा 'सोनिक द हेजहॉग २' आला. हाही उत्तरभाग, हाही रंगीबेरंगी. निळ्या सोनिकसोबत आता दोन शेपट्यांचा कोल्हा होता : टेल्स. एरवी तो यंत्राच्या आज्ञेने सोनिकच्या मागे धावतो. दुसरा रिमोट जोडला की धाकट्याच्या हाती येतो. पडदा मात्र फक्त सोनिकच्या मागे जातो. टेल्स मागे पडला तर मरत नाही. शेपट्या गरगर फिरवत उडत परत येतो. तो कितीही वेळा पडला तरी खेळ अडत नाही.

११/२४
टेल्स हा शुद्ध लिंबूटिंबू होय. त्याला मरण नाही, म्हणून त्याच्या जगण्यालाही वजन नाही. 'कॉन्ट्रा'च्या तुलनेत ही मोठीच दया होती, आणि अनेक धाकट्या भावंडांच्या हाती पहिला रिमोट या दयेमुळेच आला असेल. तरीही मोठ्यांनी धाकट्याला जागा दिली ती हिशेबाबाहेर. त्याने मदत केली तर ठीक. नाही केली तरी सोनिकचे काही बिघडत नाही.

१२/२४
पुढची उडी २००९ ची. 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' या खेळात चार जण एकाच वेळी धावू लागले. पडदा गरजेप्रमाणे दूर जाऊन सर्वांना सामावून घेई. मेलेला खेळाडू बुडबुड्यात बसून परत येई आणि सोबत्याने तो फोडला की पुन्हा खेळू लागे. अवघड जागी आपण होऊन बुडबुड्यात शिरण्याचीही सोय होती. या खेळाच्या ३ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मात्र जीव मोजून मिळत, आणि अरुंद फळीवर चौघांची धक्काबुक्की बऱ्याचदा सर्वांनाच खड्ड्यात नेई.

१३/२४
आता रेमनकडे वळू. मिशेल आन्सेल यांनी कल्पिलेला हा नायक १९९५ मध्ये अवतरला. त्याला हात, पाय आणि डोके आहे, पण ते धडाशी जोडणारे अवयव नाहीत. हा विक्षिप्तपणा तांत्रिक अडचणीतून जन्मला : सांधे नसले की चलनचित्र करणे सोपे. १९९९ आणि २००३ मध्ये तो त्रिमित जगात गेला. २००६ मध्ये त्याच्या खेळात रॅबिड्स नावाचे वात्रट ससे आले आणि ते इतके लोकप्रिय झाले की पुढे त्यांच्या मालिकेतून रेमनचेच नाव गळाले.

१४/२४
२०११ च्या 'ओरिजिन्स'ने त्याला पुन्हा सपाट, द्विमित जगात आणले. काम छोट्या चमूने सुरू केले. त्यांच्या हाती युबीआर्ट नावाची नवी प्रणाली होती. चित्रकाराने काढलेले चित्र फारसा तांत्रिक खटाटोप न करता थेट खेळाच्या जगात बसवता यावे, हा तिचा हेतू. पहिल्या महायुद्धावरचा 'व्हॅलियंट हार्ट्स' (२०१४) हा खेळ अनेक इतिहासप्रेमींना प्रिय आहे; तोही याच स्टुडिओत, याच प्रणालीवर घडला.

१५/२४
'ओरिजिन्स'मध्ये रुजलेला आणि 'लेजंड्स'मध्ये फुललेला नियम असा. काटा टोचला, शत्रूने मारले किंवा पडद्याबाहेर मागे राहिलात, तर तुमचे पात्र फुगून बुडबुडा होते. पण तुम्ही खेळाबाहेर जात नाही. तो बुडबुडा तुम्हालाच हळूहळू सोबत्याकडे न्यायचा असतो. सोबत्याने उडी मारून चापट दिली की तुम्ही पुन्हा पायांवर. सगळेच बुडबुडे झाले, तरच थोडे मागून पुन्हा सुरुवात. जीव मोजून मिळत नाहीत. प्रयत्न कितीही करा.

१६/२४
हा नियम टेल्सच्या अमरत्वाशी ताडून पाहा. येथे दुबळा खेळाडू खरोखर पडतो, म्हणजे त्याचे असणे-नसणे मोजले जाते. पण पडल्यावर त्याला काम मिळते : मदतीच्या दिशेने जाणे. आणि कुशल खेळाडूलाही नवे काम मिळते : सोबत्यासाठी वाट वाकडी करणे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सर्वांत कच्चा भिडू जरी एकटा उभा राहिला, तरी तोच उरलेल्या तिघांना वाचवू शकतो. त्या क्षणी सारा संघ त्याच्या एका उडीवर अवलंबून असतो. लिंबूटिंबूला अशी संधी गल्लीतही क्वचितच मिळे.

१७/२४
यात उपदेशाचा वास नाही, हे विशेष. ज्या चापटीने मित्राला सोडवायचे, तीच चापट शत्रूला मारायची आणि तीच विनाकारण मित्रालाही मारता येते. त्यामुळे सहकार्य आणि खोडी यांत एका बटणाचेही अंतर उरत नाही. चौघे गंभीरपणे दरी ओलांडत असतात. एक जण उगीच चापट मारतो. दोघे बुडबुडे होतात. आणि ज्याने मारले त्यालाच त्यांना सोडवण्यासाठी धावावे लागते. भांडण आणि समेट दोन्ही दहा सेकंदांत.

१८/२४
उत्तरभागाची स्वतःची भर म्हणजे मर्फी, हा हिरवा उडता मदतनीस. 'लेजंड्स' मुळात निन्टेन्डोच्या वी यू या यंत्रासाठी आखला गेला होता. त्या यंत्रासोबत गेमपॅड मिळे : रिमोटही तोच आणि स्पर्शाचा पडदाही तोच. चौघे टीव्हीकडे पाहून धावत असताना पाचव्याने गेमपॅडवर बोटाने दोर कापायचे, फळ्या सरकवायच्या, राक्षसाला गुदगुल्या करून त्याची ढाल खाली करायला लावायची.

१९/२४
या पाचव्याला उडी मारता येण्याची गरज नाही. ज्या आजीने आयुष्यात रिमोट धरला नाही, तीही हे काम करू शकते. पण तिने दोर वेळेवर कापला नाही, तर चौघेही अडतात. येथे सोपे काम आणि बिनमहत्त्वाचे काम यांची फारकत झाली आहे. आधीच्या खेळांनी नवख्याला कुशल खेळाडूचेच काम कमी प्रमाणात दिले. 'लेजंड्स'ने त्याला वेगळे काम पूर्ण प्रमाणात दिले. माझ्या दृष्टीने या उत्तरभागाची सर्वांत मोठी कमाई हीच.

२०/२४
दुसरी भर संगीताची. क्रिस्तोफ एराल आणि बिली मार्टिन हे संगीतकार. या खेळात काही टप्पे असे आहेत की प्रत्येक उडी, प्रत्येक चापट तालावर पडते. 'कॅसल रॉक' हा त्यांतला पहिला. पडदा आपल्या गतीने धावतो, तो कोणाच्याही मागे जात नाही. लेझीम खेळताना जसा ठेका पुढच्यालाही आणि मागच्यालाही एकाच पावलावर आणतो, तसे येथे होते. 'कॉन्ट्रा'च्या धबधब्यावर गती चपळ मित्राच्या हाती होती. येथे ती ढोलाच्या हाती आहे.

२१/२४
आता रंगांकडे परत येऊ. चार पात्रे, डझनभर शत्रू आणि उडते प्रकाशकण एकाच चौकटीत असताना 'मी कुठे आहे?' हा प्रश्न सर्वांत आधी नवख्याला पडतो. जांभळ्या पोशाखातला रेमन, निळा ग्लोबॉक्स, लाल केसांची कुऱ्हाडधारी राजकन्या बार्बरा, यांचे रंग आणि आकार एका नजरेत वेगळे ओळखू येतात. मागची दृश्ये फिकट, पुढची ठळक. म्हणजे रंगही सामावून घेण्याचेच काम करतात. ते केवळ सजावटीचे असते, तर गर्दीत पहिल्यांदा हरवला असता तो लिंबूटिंबूच.

२२/२४
आक्षेपही नोंदवले पाहिजेत. एकट्याने खेळणाऱ्याला मर्फीचे टप्पे लय तोडणारे वाटतात. चौघांच्या गोंधळात बारकाईचे टप्पे उलट अवघड होतात. आणि ही रचना बाजाराच्या वादळात सापडली : २६ फेब्रुवारी २०१३ ही प्रकाशनाची तारीख जवळ आलेली असताना, वी यूची विक्री मंद असल्याच्या काळात, कंपनीने खेळ थांबवला आणि इतर यंत्रांसाठीही तयार करून त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरात आणला. विलंबात नवे टप्पे जोडले गेले. मात्र प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर मर्फी एका बटणापुरता उरला. आजीची जागा गेली.

२३/२४
त्याच सप्टेंबरात 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' आला आणि तीन दिवसांत त्याने १ अब्ज डॉलरची विक्री केली. एकत्र खेळणे तोवर मोठ्या प्रमाणात इंटरनेटवर गेले होते. पुढे वी यूचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी आणि ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ रोजी बंद झाला. 'लेजंड्स' आजही इतर यंत्रांवर मिळतो, खेळता येतो. पण टीव्हीवर चौघे आणि हातातल्या वेगळ्या पडद्यावर पाचवा, ही मूळ मांडणी एका बंद पडलेल्या यंत्राशी बांधलेली आहे. खेळाचा संकेत जतन करता येतो. एका खोलीत, एका सोफ्यावर झालेली चापटाचापटी कोणत्या अभिलेखागारात ठेवणार?

२४/२४
म्हणून विनंती. घरी जुनी यंत्रे, कॅसेटी असतील तर जपाच; पण त्यासोबत हेही लिहून ठेवा की कोण कोणासोबत खेळे, रिमोट कोणाला आधी मिळे, हरलेल्याने किती वेळ थांबायचे आणि लहानांसाठी घरात कोणते नियम वेगळे होते. लढायांच्या तारखा टिकतात, कारण त्या कोणीतरी नोंदवल्या. आपल्या घरातला लिंबूटिंबू कोण होता आणि तो पक्का भिडू कधी झाला, हे आपण नोंदवले नाही, तर ते कोठेच सापडणार नाही. सुरुवात खाली प्रतिसादात केलीत तरी चालेल. (धागा समाप्त)